गुलछबूतली मोकळी जागा

१

नळदुर्गात एसटी स्टँडसमोर महारुद्रचं फ्लेक्सचं दुकान. सकाळी साडेनवाला शटर वर जायचं आणि त्याच्याबरोबर महारुद्रच्या बायकोचा, अर्पिताचा, जीवही वर जायचा, तो संध्याकाळी शटर पडेपर्यंत काही खाली यायचा नाही. समोर रस्ता, रस्त्यावर हैदराबादकडं धावणारे ट्रक, आणि कडेवर अकरा महिन्यांची हर्षाली. पोरगी अजून चालत नव्हती, पण रांगण्यात तिचा हात धरणारं स्टँडावर कुणी नव्हतं. म्हणून अर्पिता जुन्या लुगड्याचं एक टोक पोरीच्या कमरेला आणि दुसरं काउंटरच्या पायाला बांधायची. लुगडं उंबऱ्याच्या आत दोन वीत संपायचं. हे माप तिनं स्वतः तीनदा घेतलं होतं.

काळजी हा तिचा मूळ स्वभावच. पोरगी शिंकली तर सर्दी होणार, नाही शिंकली तर छातीत साठलं असणार. फ्लेक्सच्या कडेला ठोकायच्या पितळी रिंगा ती रोज मोजून डब्यात टाकायची, कारण एखादी कमी भरली तर ती कुणाच्या पोटात गेली हे तिला आधीच ठाऊक असायचं. सासू कमलबाई म्हणायच्या, "बरं झालं बाई एकच झाली. जुळं झालं असतं तर तू कवाच येडी झाली असतीस."

दुकानात अर्पिताचं काम वाचायचं. झालं असं, की मागच्या वर्षी महारुद्रनं एका लग्नाच्या फ्लेक्सवर घाईघाईत आधीच्या गिऱ्हाइकाची फाईल ठेवली, आणि नवरदेवाच्या जागी दूध डेअरीची म्हैस छापून गेली. वऱ्हाड टेंपो भरून दुकानावर आलं होतं. तेव्हापासून नियम पडला. मशीनमधून निघालेला फ्लेक्स फरशीवर पसरायचा, अर्पितानं पोरीला कडेवर घेऊन एकेका अक्षराखाली बोट ठेवत मोठ्यानं वाचायचं, आणि तिनं "बरोबर हाय" म्हटल्याशिवाय रिंग ठोकायची नाही. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण वाचन तिचं खणखणीत होतं. शुभेच्छुकांची चाळीस नावं ती एका दमात वाचायची आणि हर्षाली शेवटी टाळी वाजवायची.

अशात गुलछबू आला.

गुलछबू म्हणजे अक्षराचं वळण. श्रीमंत पेंटरनं चाळीसएक वर्षांपूर्वी टेंपोंच्या पाठीवर, सोड्याच्या दुकानांवर, तमाशाच्या तंबूंवर जी अक्षरं काढली होती, त्यांचे फोटो महारुद्रच्या वर्गमित्रानं, कृष्णराजनं, जमवले आणि पुण्यात बसून त्यांचा कॉम्प्युटरवरचा फॉन्ट केला. आता म्हणे असल्या जुन्या वळणाची पुन्हा फॅशन आली होती. अक्षरं अशी, की बघणाऱ्याला हसूच यावं. पोटं सुटलेली, गाल फुगलेले, शेपट्या वळलेल्या. प्रत्येकाच्या मागं नारिंगी सावली. आणि सगळी वरच्या रेघेला लोंबकळलेली, जशी शाळा सुटल्यावर पोरं लोखंडी दांडीला लोंबकळतात तशी.

पहिला फ्लेक्स बलभीमचा होता. त्याचं गुळाच्या चहाचं नवं दुकान. अर्पितानं आधी पडद्यावर वाचलं, बरोबर होतं. छापून निघाल्यावर फरशीवर वाचायला लागली आणि तिचं बोट मधेच हवेत राहिलं. 'चहा'तल्या दोन अक्षरांच्या मधे चांगली हातभर जागा सुटली होती.

"अहो, हे बघा जरा."

महारुद्रनं पडदा बघितला, फ्लेक्स बघितला, परत पडदा बघितला. "स्पेस पडला असंल."

"पडद्यावर न्हाय पडला."

"मग मशीनमधी पडला असंल."

बलभीम आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मालक, एक अक्षर नळदुर्गात, दुसरं उमरग्यात. मधी गिऱ्हाईक उतरवायचं का काय?"

महारुद्रनं ब्लेडनं फ्लेक्स कापला, तेवढी जागा काढून टाकली आणि दोन्ही तुकडे चिकटवून दिले. दुसऱ्या दिवशी बलभीम पुन्हा हजर. चहा जुळला होता, पण आता 'गुळाचा'मधे जागा पडली होती. तेवढीच. हातभर.

"उन्हानं फ्लेक्स ताणतोय," महारुद्र म्हणाला.

बलभीमनं उन्हाकडं बघितलं. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

२

एवढं होऊनही गुलछबूची मागणी वाढतच गेली. लोकांना ती अक्षरं दिसली की पाहिजेच असायची. महारुद्र सगळ्यांना समजावायचा, "हे वळण मिठासारखं हाय. वरनं दोनच शब्द टाकायचे, लांबनं वाचायचे. पत्ता, मोबाईल नंबर, शुभेच्छुक हे साध्या अक्षरात. बारीक मजकूर ह्यात टाकला की सगळी खिचडी." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि म्हणायचं, "ते ठीक हाय, पर माझं नाव पण त्यातच टाका." मग गिऱ्हाइकाचं नाव, त्याच्या भावाचं नाव, मोबाईल नंबर, सगळं पोट सुटून लोंबकळायला लागायचं. बर्फाचा गोळा, केस कर्तनालय, बालवाडीचं स्नेहसंमेलन, शेळ्यांचा बाजार. पंधरा दिवसांत सगळा स्टँड जत्रेसारखा दिसायला लागला.

आणि प्रत्येक फ्लेक्सवर कुठं ना कुठं ती जागा. महारुद्रनं कृष्णराजला फोन लावला. कॉम्प्युटरवाले जे नेहमी म्हणतात तेच तो म्हणाला, "माझ्याकडं तर बरोबर दिसतंय." लोकांनी पहिले चार दिवस भांडण केलं, मग तीच फॅशन समजून गप बसले. दोन जणांनी तर मुद्दाम मागितली.

अर्पिता मात्र गप बसेना. तिचं कामच वाचायचं. रोज अक्षराखाली बोट फिरवत ती त्या जागेपाशी आली की तिला वाटायचं, ही चूक नव्हे. चुकून सुटलेली जागा अशी नसते. ह्या जागेच्या दोन्ही बाजूंची अक्षरं जरा अंग चोरून बसलेली दिसायची, पोटं आत घेऊन. बाकड्यावर चार बायका बसलेल्या असतात आणि पाचवी आली की बोलणं न थांबवता जशा सरकतात, तशी.

सातवी शिकलेल्या बाईनं असला विचार करू नये, असं तिनं स्वतःला बजावलं. अक्षराला काय पोट असतं? ते तर पेंटरनं काढलेलं. आणि तो पेंटर म्हणे स्वतःच ढेरपोट्या होता.

मग एका दुपारी श्रद्धांजलीचा फ्लेक्स आला. गावातला एक म्हातारा, सगळे तात्या म्हणायचे, गेला होता. महारुद्रनं घाईत वाढदिवसाचीच फाईल उघडली, केक काढला, फुगे काढले, पण अक्षरं बदलायची राहून गेली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द गुलछबूत छापून निघाले. गाल फुगवून, शेपट्या वळवून.

"मेलं!" महारुद्रनं कपाळाला हात लावला. "आता तात्याचं वऱ्हाड येणार टेंपो भरून."

तात्यांचा मुलगा आला, फ्लेक्ससमोर उभा राहून डोळे पुसले. "आमचे तात्या असेच होते," तो म्हणाला. "कवाबी हसायलेले. असंच ऱ्हाऊ द्या."

महारुद्र सुटला म्हणून हसला. अर्पिता हसली नाही. ती फरशीवर उकिडवी बसून त्या जागेकडं बघत होती. 'भावपूर्ण'च्या पुढं जागा पडली होती. तिथं अक्षर नव्हतं. पण सावली होती.

नारिंगी, गुबगुबीत, आखूड. इतर अक्षरांच्या सावल्यांसारखीच, फक्त पुढं अक्षर नव्हतं. आणि त्या सावलीच्या डोक्यावर बारीक शेंडी उभी होती, न काढलेल्या जावळाची असते तशी.

"शाई सांडलीय," महारुद्र म्हणाला. "मशीनचं हेड साफ करावं लागंल."

एवढ्यात कडेवरची हर्षाली वळवळली. तिनं त्या जागेकडं दोन्ही हात केले आणि पुढं झुकली. ओळखीचं कुणी "ये" म्हणालं की लेकरू जसं झुकतं, अगदी तसं.

तिच्या डोक्यावर जावळाची शेंडी उभी होती. काढायचं अजून राहिलं होतं. कमलबाईंचा नवस होता.

३

गुरुवारी अंगणवाडीत वजन. महानंदाताई पत्र्याच्या आढ्याला काटा टांगायच्या, त्याला कापडी झोळी, झोळीत लेकरू. रडणारी पोरं पाय झाडायची, हर्षाली मात्र तिथं निवांत लोंबकळायची.

"आठ सातशे," ताई म्हणाल्या.

"मागच्या महिन्यात नऊ दोनशे होतं ताई."

"दात येतायत. उतरतं."

"आता म्या हिला पेज देते, वरण देते, अंडं देते. ह्या आठवड्यात दोनदा शिरा खाल्लाय. गाल बघा की!"

गाल खरंच पुरीसारखे फुगलेले होते. दंडावर वळ्या होत्या. ताईंनी काट्याला दोन टिचक्या मारल्या, पुन्हा लोंबकळवलं. आठ सातशे. दुसऱ्या एका पोराला बसवून बघितलं, त्याचं बरोबर भरलं.

पुढच्या गुरुवारी सात नऊशे. गाल तसेच.

ह्या मधल्या आठवड्यात गुलछबूचे अकरा फ्लेक्स छापून गेले होते. हे अर्पितानं कुणाला सांगितलं नाही. आकडे जुळतात म्हणून काही होत नसतं, असं तिनं ठरवलं. शिवाय सांगणार काय? फ्लेक्समुळं लेकरू हलकं व्हायलंय? महारुद्रनं तिलाच दवाखान्यात नेलं असतं.

दवाखान्यात तर हर्षालीलाही नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, पोट दाबलं, जीभ बघितली. हर्षालीनं त्यांची जीभ बघितली. "एकदम ठणठणीत," डॉक्टर म्हणाले. कमलबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या गल्लीला लागला, शेजारणी खोकत भांडायला आल्या, पण पोरीला काही झालं नाही. ती टाळ्या वाजवत राहिली.

पण अर्पिताला कडेवर कळायचं. आधी अर्ध्या तासात कंबर भरून यायची. आता कंबर दुखायचीच बंद झाली होती. कुठल्या आईला कंबर दुखत नाही म्हणून रडू यावं? तिला यायचं.

शनिवारी दुपारी ती फरशीवर पसरलेल्या फ्लेक्सला रिंगा ठोकत होती. कुठल्याशा आनंदनगरीचा फ्लेक्स होता, आठ बाय चार. हर्षाली लुगड्याला बांधलेली. अर्पितानं चार रिंगा ठोकल्या आणि मान वर केली. पोरगी रांगत फ्लेक्सवर आली होती. अक्षरांवरून रांगत ती त्या मोकळ्या जागेपाशी गेली, थांबली, वळली, आणि उताणी पडली.

डोकं बरोबर रेघेला टेकलं. पाय बरोबर शेजारच्या अक्षरांच्या खालच्या टोकांशी आले. डाव्या बाजूला बोटभर फट नाही, उजव्या बाजूला बोटभर फट नाही. खालची सावली तिच्या कडेनं एका रेषेत नारिंगी दिसत होती, जशी बाकीच्यांची दिसत होती तशी.

हर्षालीनं आईकडं बघितलं आणि खुदकन हसली. मग दोन्ही हात वर केले आणि रेघ धरायला बोटं मिटली.

अर्पितानं तिला असं ओढून घेतलं की लुगड्याची गाठ सुटली. हातोडी कुठं पडली, रिंगांचा डबा कुठं सांडला, तिनं बघितलं नाही. त्या दिवशी तिनं रिंगा मोजल्याही नाहीत.

४

"हर्षालीचा वाढदिवसाचा फ्लेक्स साध्या अक्षरात करायचा," अर्पिता त्या संध्याकाळी म्हणाली. "गुलछबू न्हाय म्हणजे न्हाय."

महारुद्रनं भाकरीचा घास तोंडात धरला आणि आईकडं बघितलं. कमलबाईंनी मुलाकडं बघितलं. दोघांनी मिळून ताटाकडं बघितलं.

"का हो? बोला की."

"अगं, केला बी," महारुद्र म्हणाला. "तुला सरप्राइज द्यायचं होतं. सकाळीच दुकानावर टांगलाय. तू मागच्या दारानं आलीस म्हणून दिसला न्हाय तुला."

"मला न विचारता? म्या न वाचता?"

"आपल्याच लेकीचं नाव हाय, त्यात काय चुकतंय?"

"म्या सगळ्या गल्लीला सांगून आलेय," कमलबाई म्हणाल्या. "सहा बाय दहाचा फ्लेक्स म्हणून. आता काढलास तर लोकं म्हणतील पैशाचं काय झालं का काय. उद्याचा एक दिवस. परवा वाढदिवस झाला की काढ आणि म्हशीवर पांघर."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्पिता दुकानासमोर उभी राहिली. सहा बाय दहा. 'हर्षाली' हे नाव एवढं मोठं की समोरच्या स्टँडवरून वाचता यावं. फुगे, केक, हरणाचं पाडस, आणि मधे पोरीचा फोटो. नावाला लागून, त्याच रेघेवर, ती जागा.

काढून टाकावा, तिला वाटलं. पण बलभीमच्या फ्लेक्सची आठवण झाली. तिथनं कापली तर इथं पडली. हा काढला तर स्टँडवरच्या तीस फ्लेक्सांपैकी कुठल्यावर जाईल, कुणाला ठाऊक. इथं निदान डोळ्यासमोर होती.

मग तिच्या काळजीनं स्वतःचं डोकं चालवलं. भिंतीला भोक पडलं की आपण चिंधी कोंबतो. जागा मोकळी आहे तोवर भीती. भरली की संपलं. तिनं शिडी लावली, हर्षालीच्या गळ्यातलं लाळेरं सोडलं, शिडीवर चढली आणि चिकटपट्टीच्या चार पट्ट्यांनी ते त्या जागेवर पक्कं लावून टाकलं. गुलाबी लाळेरं, त्यावर पिवळं बदक. खाली उतरून तिनं बघितलं. जागा झाकली होती. आठवडाभरात पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं. तिनं एक कप चहा प्यायला, तोही गरम.

दुपारी शांतम्मा आली. शांतम्मा स्टँडच्या फाटकापाशी भाजलेल्या शेंगा विकायची. अक्कलकोटाकडची, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायची. टोपली खाली ठेवून तिनं वर बघितलं.

"काय यव्वा, कुणासाठी जागा धरली?"

"कसली जागा?"

"ते काय, फडकं टाकलंय की." शांतम्मा हसली. तिच्या मागं स्टँडवर भूमची गाडी लागत होती. गाडी थांबायच्या आधीच लोक खिडक्यांतून आत रुमाल, टोप्या, पिशव्या टाकत होते, एकजण तर आपली चप्पल टाकत होता. ज्याचं फडकं सीटवर, त्याची जागा. हे अर्पिता लहानपणापासून बघत आली होती. स्वतः करत आली होती. माहेरी जाताना तिनं ह्याच खिडक्यांतून शंभरदा रुमाल टाकले होते.

"ते... तसं न्हाय ते," ती म्हणाली. "ते झाकायला लावलंय."

"झाकायला कोण लेकराचं फडकं लावतंय? ज्याचं फडकं त्याची जागा. सगळ्या दुनियेला ठावं."

अर्पितानं कडेवरच्या पोरीकडं बघितलं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पोरगी कडेवर आहे हे आपल्याला बघून कळतंय, जाणवत नाही. शेंगांच्या टरफलांनी भरलेल्या पिशवीएवढं वजन. हर्षाली तिच्या खांद्यावरून वर बघत होती, दोन्ही हात पुढं करून, आणि मधेच वाऱ्याची एक झुळूक आली तेव्हा अर्पितानं पोरीला दोन्ही हातांनी दाबून धरलं. का धरलं ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

शिडी अजून तिथंच होती. एका हातात पोर धरून ती दोन पायऱ्या चढली आणि लाळेरं ओढून काढलं. चिकटपट्टी फर्र करून निघाली. खाली फ्लेक्सवर सावली होती, शेंडीवाली. त्या सावलीच्या गळ्याखाली आता लाळेऱ्याचा अर्धगोल दिसत होता.

"शांतम्मा, काढलं मी फडकं! मग जागा गेली की न्हाय?"

शांतम्मा शेंगा निवडत होती. तिला वाटलं गाडीचीच गोष्ट चालू आहे. "अय्यो, अशी कशी जाईल? एकदा धरली म्हणजे धरली. धरणारा आला न्हाय तर लोकं भांडतात. त्याच्या बदली कुणीतरी बसावंच लागतंय."

अर्पिता शिडीवर उभी राहिली. बदली कुणीतरी. महारुद्रचा रुमाल त्याच्या खिशात होता आणि महारुद्र आत मशीनपाशी शीळ घालत होता. नको, त्याच्याशिवाय दुकान चालायचं नाही. एक क्षणभर, देवाशपथ एकच क्षण, काउंटरवर पडलेलं कमलबाईंचं चष्मा पुसायचं फडकं तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं तो विचार झटकला. झटकायला जेवढा वेळ लागायला पाहिजे त्याहून जरा जास्त लागला, पण झटकला.

मग तिनं स्वतःच्या डोक्याचा स्कार्फ सोडला. गाडीवर बसताना बांधायची तो, निळ्या ठिपक्यांचा. हर्षालीला छातीशी धरून, दातांनी चिकटपट्टी तोडत, तिनं तो त्या जागेवर लावला. चार पट्ट्या. मग आणखी चार.

"आता कसं?" तिनं अक्षरांना विचारलं. हळूच, शांतम्माला ऐकू जाऊ नये म्हणून.

कुठंतरी, फ्लेक्सच्या लोखंडी चौकटीत, करकर असा आवाज झाला. बाकड्यावर माणसं सरकतात तेव्हा बाकडं करतं, तसा.

५

वाढदिवसाच्या सकाळी कमलबाईंनी नातीला न्हाऊ घालायला उचललं आणि जागेवरच बसल्या.

"आगाई गं! कसली जड झालीय ही रातीत! काय चारलंस हिला?"

अर्पितानं महानंदाताईंना निरोप धाडला होता, की वाढदिवसाला या, पण येताना काटा घेऊन या. ताईंना हे आमंत्रण विचित्र वाटलं, तरी त्या आल्या. दुकानाच्या पत्र्याच्या आडव्या दांडीला काटा टांगला, झोळीत हर्षालीला बसवलं.

"नऊ चारशे," ताई म्हणाल्या. मग काट्याकडं संशयानं बघितलं. "आता हा काटाच मी बदलून मागणार."

अर्पितानं पोरीला झोळीतून काढून कडेवर घेतलं. कंबर अशी भरून आली की डोळ्यांत पाणी आलं. एवढं गोड दुखणं तिनं आयुष्यात कधी सोसलं नव्हतं. ती दुकानाबाहेर आली आणि बळ एकवटून वर बघितलं.

स्कार्फ नव्हता. चिकटपट्टीच्या आठ पट्ट्या तशाच होत्या, पण त्यांच्याखाली काही नव्हतं. आणि जागा वाढली होती. 'हर्षाली' नावाची अक्षरं एकमेकांत कोंबून एका बाजूला गेली होती. पाडसाची मान मुरगळली होती. केकचा अर्धा भाग चौकटीबाहेर गेला होता. मधे मोठ्या बाईची जागा. आणि त्या जागेत मागं केसांचा आंबाडा असलेली नारिंगी सावली.

अर्पिताला भीती वाटायला पाहिजे होती, वाटतही होती, पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं.

"मेल्यांनो," ती पुटपुटली, "एवढी कुठं मी रुंद?"

"काय म्हणालीस?" महारुद्र मोबाईल घेऊन बाहेर आला. फ्लेक्सकडं बघून त्यानं तोंड वाकडं केलं. "ताणला बघ परत. उन्हानंच. जाऊ दे, फोटोत कोण बघतंय. आई, तू इकडं उभी ऱ्हा. ताई, तुम्ही बी या. अर्पिता, पोरीला घेऊन मधी ऱ्हा, बरोबर फ्लेक्सच्या खाली."

सगळे फ्लेक्सखाली उभे राहिले. हर्षालीनं आईच्या आंबाड्यात बोटं खुपसली. पोरीनं आज वर बघितलं नाही, एकदाही नाही. समोरून लातूरची गाडी निघाली, लोकांनी खिडक्यांतून हात हलवले.

महारुद्रनं मोबाईल डोळ्यासमोर धरला, मग जरा खाली केला.

"अर्पिता, अगं टाचा कशाला उचलतीस? उंच दिसायचंय का? खाली टेक की पाय."

"टेकलेत," अर्पिता म्हणाली.

तिनं खाली बघितलं नाही. तिनं हर्षालीला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेतलं, दोन्ही हातांनी आवळून धरलं, आणि मोबाईलकडं बघून हसली. पोरगी चांगली जड होती, शिरा खाऊन खाऊन दगडासारखी झालेली. तेवढं एक वजन अंगावर होतं म्हणून बरं होतं. महारुद्र म्हणाला, "आता पोरीला दे आईकडं, तुझा एकटीचा बी एक काढतो," तेव्हा तिनं मान हलवली, आणि त्यानं तीनदा विचारूनही पोरीला खाली ठेवलं नाही.